बिनझापडीचा घाणा

बोरगव्हाणच्या कपिलेश्वराच्या ओवरीत बहिरगिरी महाराज येऊन राहिले, तेव्हा पहिले वर्षभर गावाने त्यांना ओळखलेच नाही. एक लंगोटी, एक कांबळे आणि एक चेपलेला तांब्या, एवढाच त्यांचा संसार. सकाळी नदीवर स्नान करावे, देवळाचे आवार झाडावे, कुणी भाकरी आणून दिली तर खावी, नाही दिली तर बेलाच्या सावलीला निवांत पडून राहावे. गावाला वाटले, आला असेल कुणी गोसावी, जाईल चार दिवसांनी. पण महाराज गेले नाहीत, आणि ज्याच्या घरात दुखणे, ज्याच्या मनात काटा, तो आपसूक ओवरीची वाट धरू लागला. ही गोष्ट त्यांच्या तिथल्या आठव्या की नवव्या वर्षाची आहे.

गावात तेल्यांची बारा घरे होती आणि त्या बारांत सगळ्यांत गरीब घर सटवाजीचे. एक घाणा, एक बैल, बायको कोंडाबाई आणि लग्नाला आलेली मुलगी यमुना. माणूस इतका मवाळ की रस्त्यात कुत्रे आडवे झोपले असेल तर हा वळसा घालून जाणार! पण या मवाळ माणसाचा एक हट्ट होता आणि त्या हट्टापायी सारे गाव त्याला हसत असे. सटवाजी आपल्या बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधत नसे.

घाण्याच्या बैलाला झापड असतेच. ती नसेल तर गोल फिरून जनावराला भोवळ येते म्हणतात. शिवाय डोळे झाकले की त्याला धनी जवळ आहे की नाही ते कळत नाही. गळ्यात घंटा बांधून धनी खुशाल सावलीत पाय पसरतो, आणि बैल आपला धनी मागेच आहे अशा समजुतीने फिरत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते. सटवाजी मात्र झापड बांधत नसे, आणि उघड्या डोळ्यांचा बैल एकटा फिरत नाही म्हणून तो स्वतः बैलाच्या खांद्याला खांदा लावून घाण्याभोवती चालत असे. जितके आपले पाय चालतील तितकीच घाणी, तेवढेच गाळप. साहजिकच इतरांचे तीन घडे निघत तेव्हा याचा एक निघे. तेली आळीत त्याच्या घाण्याला ‘दोन बैलांचा घाणा’ म्हणत आणि पोटभर हसत.

याला कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी सटवाजीही इतरांसारखाच झापड बांधायचा. हरण्या नावाचा त्याचा बैल होता. एका सकाळी त्याला घाण्याला जुंपून सटवाजी शेजारगावच्या बाजाराला गेला, तिथे ओळखीचे भेटले, गप्पा रंगल्या आणि परतायला दिवस कलला. घरी येऊन पाहतो तो घाण्यातली पेंड केव्हाच कोरडी पडलेली आणि हरण्या अजून फिरतोच आहे! खूर रक्ताळलेले, तोंडाला फेस. थांब म्हणायला कुणी नव्हते म्हणून तो थांबला नव्हता. सटवाजीने धावत जाऊन झापड काढली. हरण्याने मान वळवून धन्याकडे एकदा पाहिले आणि तो खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. त्या दिवशी सटवाजी लहान मुलासारखा रडला.

तो तसाच ओवरीत आला आणि म्हणाला, “म्हाराज, त्याला वाटलं म्या मागं हाय. म्या तर बाजारात चिवडा खात हुतो. आता पुन्यांदा कुन्या जनावराला म्या असं फसवायचा न्हाई.”

महाराजांनी त्याला जवळ बसवून घेतले. मग म्हणाले, “तुला जे दिसलं, ते तू पाळ. लोक हसतील, हसू दे. मात्र एक सांभाळ, दुसऱ्याच्या बैलाची झापड सोडायला जाऊ नकोस. ती त्याला दिसेल तेव्हा तो सोडील.”

सटवाजीने दोन्ही गोष्टी शब्दशः पाळल्या. चांद्या नावाचा नवा बैल त्याने हौसेने घेतला, त्याच्याबरोबर चालत राहिला आणि कुणाला एका शब्दाने उपदेश केला नाही. तसे बघता, अशा माणसाला कुणी त्रास द्यायचे कारण नव्हते. पण आपल्याकडे एखादा चारचौघांहून निराळा वागला, की तो काही बोलला नाही तरी चारचौघांना टोचणी लागते.

कपिलेश्वराच्या आवारात देवाचा म्हणून एक जुना दगडी घाणा होता. तो वर्षातून एकदाच फिरे. त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढची दीपमाळ लागते, तिचे तेल याच घाण्यावर निघायचे, आणि बारा घरांपैकी एका घराला दरवर्षी पाळीने तो मान मिळायचा. त्या वर्षी पाळी आली सटवाजीची!

तेल्यांचा मुख्य होता नागोजी चौधरी. तीन घाण्यांचा धनी, अंगाने दणकट, आवाज असा की वेशीत बोलला तर मळ्यात ऐकू यावा. माणूस मुळात वाईट नव्हता, पण आपण म्हणू तीच रीत, असा त्याचा खाक्या होता. त्याने पंच बसवले आणि सटवाजीला बोलावून घेतले.

“हे बघ सटवा,” नागोजी म्हणाला, “तुझ्या घरी तू बैलाला झापड बांध न्हाईतर त्याला चष्मा लाव, आमचं काई म्हननं न्हाई. पन ह्यो देवाचा घाना हाय. उघड्या डोळ्याच्या जनावराची नजर तेलात उतरती. तसलं तेल दीपमाळंला घातलं तर गावावर इघ्न यील.”

“चौधरी, नजर उतरती आसं कुनी बघितलंय?” सटवाजीने हात जोडून विचारले.

“तू मला इचारनार?” नागोजीचा आवाज चढला. “पुनवंला झापड बांधून घानी काढायची. न्हाई बांधली, तर तुझं पान आमच्या पंगतीतून उठलं म्हनून समज. मंग पोरीचं लगीन कोन करतंय बघू.”

पंचांनी माना हलवल्या. यमुनेचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते. मुलाकडची माणसे भली होती, पण वाळीत टाकलेल्या घरची मुलगी करण्याची छाती कुणाला असते? सटवाजी घरी आला तो पाय ओढत.

कोंडाबाईला सगळे आधीच कळले होते. तिने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “आवं, एका दिसाचा तर परश्न हाय. बांधा तेवढी झापड. चांद्या काय मरतोय व्हय एका दिसानं? माज्या लेकीकडं बघा जरा.”

तिचे तरी काय चुकले? सटवाजीलाही ते पटले. आढ्याला खोचलेली हरण्याची जुनी झापड त्याने काढली, झटकली आणि गोठ्यात गेला. चांद्याने धन्याला पाहिले, आणि काहीतरी लाड करायला आला आहे अशा समजुतीने मान खाली घालून डोके पुढे केले. इतक्या विश्वासाने पुढे आलेले ते डोके पाहून सटवाजीचे हातच उचलेनात. तो तसाच उभा राहिला.

मागून यमुना आली. तिने बापाच्या हातातली झापड काढून घेतली.

“बा, माज्यापायी हे करू नगा,” ती म्हणाली. “उद्या म्या सासरी नांदत आसंन, आन तुमी हितं रोज खाली मान घालून बसाल. मला त्ये बघवायचं न्हाई. लगीन काय, व्हायचं तवा व्हईल.”

केवढी गुणाची पोर! सटवाजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच्या मनातला गुंता सुटला. त्या रात्री त्या घरी सगळे पोटभर जेवले, लेकीचे बोलणे ऐकलेली कोंडाबाईसुद्धा.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. त्या वर्षी परतीचा पाऊस फार झाला होता. देवळाचे आवार अजून ओलसर होते. घाण्याभोवतीच्या वाटेवर चिखल नको म्हणून नागोजीच्या माणसांनी जाड थर भुसा पसरून ठेवला होता. सगळे गाव जमले. महाराज नेहमीप्रमाणे ओवरीच्या पायरीवर बसले होते. सटवाजी बैल घेऊन आला, त्यांच्या पाया पडला आणि त्याने चांद्याला घाण्याला जुंपले. झापड नाही हे पाहताच लोकांत एकच गलका उडाला.

“अजून बी इचार कर!” नागोजी गरजला. त्याच्या हातात नवी कोरी झापड होती.

“चौधरी,” सटवाजी म्हणाला, “तुमचं तुमी करा, म्या कवा काई म्हनलो न्हाई. पन मला झापड बांधायला जमायचं न्हाई. देवाच्या दारात तर न्हाईच न्हाई.”

“मंग तुझं पान उठलं!” नागोजीने सगळ्यांदेखत सांगून टाकले. “पंच हो, ऐकलंत? आजपास्नं ह्यो आपल्यात न्हाई.”

कोंडाबाईने पदर तोंडाला लावला. सटवाजीने मात्र घाण्यात करडई ओतली, चांद्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चालू लागला. पाळी त्याची होती, ती पुरी करायची एवढेच त्याला माहीत होते. लाट, म्हणजे घाण्यातला उभा लाकडी दांडा, करकरू लागली. लोक हसत होते, कुणी बैलासारखा आवाज काढत होते. दीड-दोन तास ते दोघे फिरले, तोवर घाण्याखालच्या मडक्यात अर्धा-पाऊण शेर तेल साचले.

आणि चांद्या थांबला.

सटवाजीने चुचकारले, पाठ थोपटली. बैल हलेना. त्याने मान खाली घालून पुढच्या भुशाकडे पाहिले, फुरफुरला आणि चार पावले मागे सरला.

“आली भवळ!” नागोजी टाळी वाजवून ओरडला. “म्या काय म्हनत हुतो? बघा रे, बघा, उघड्या डोळ्यांचा परताप!”

सटवाजी खाली वाकून पाहू लागला. भुशाखेरीज त्याला काही दिसले नाही, पण तो म्हणाला, “भवळ न्हाई चौधरी. त्येला कायतरी दिसतंय.”

यावर तर लोक पोट धरून हसले. नागोजीने चांद्याला सोडून बाजूला काढायला लावले आणि स्वतःचा बैल मागवला. त्याच्या डोळ्यांवर आपल्या हाताने नवी झापड बांधली आणि रुबाबात घाण्याच्या आडव्या फळीवर चढून बसला. “घाना कसा हाकत्यात त्ये आता बघून ठेवा.”

तेव्हा पायरीवरून महाराज बोलले. “नागोजी, जनावर थांबलं की हाकण्याआधी विचारावं, का थांबलं.”

“महाराज, जपतपातलं तुमी सांगा,” नागोजी म्हणाला, “घान्यातलं आमाला कळतं.” त्याने आसूड उडवला.

बिचारा बैल, त्याला काय दिसणार! धन्याचा आवाज ऐकून तो निमूट पुढे गेला. तीन पावले टाकली असतील नसतील, तोच पायाखालची जमीन आत गेली. बैल पुढच्या गुडघ्यांवर कोसळला, फळी कलंडली आणि तिच्यावरून फेकला गेलेला नागोजी भुशासकट दिसेनासा झाला.

ते पेव होते. पूर्वी गावोगाव जमिनीत खोल खड्डा करून धान्य साठवीत, ते पेव. आजे-पणज्यांच्या काळी केव्हातरी त्याच्या तोंडावर लाकडे टाकून वर माती लोटली होती आणि गाव ते विसरून गेले होते. कोरड्या दिवसांत कधी काही झाले नाही. त्या वर्षीच्या पावसाने तोंडावरचे लाकूड कुजले, त्यात सकाळपासून बैल फिरला आणि जमीन खचू लागली. भुसा जिथे हळूहळू आत खचत होता, ती जागा चांद्याच्या उघड्या डोळ्यांनी हेरली होती.

चौघांनी बैलाला आधी मागे ओढले. गुडघे खरचटण्यावर त्याचे निभावले. मग सगळे पेवाच्या तोंडाशी वाकले. दोन पुरुष खोल अंधार. हाका मारल्या, उत्तर नाही. जाणत्यांचे चेहरे पांढरे पडले, कारण बंद पेवातली हवा माणूस मारते हे त्या मुलखात सर्वांना माहीत होते. एकाने देवळातला दिवा दोरीला बांधून आत सोडला. निम्म्यावर जायच्या आत तो विझला. दुसरा सोडला, तोही विझला.

“दिवा ऱ्हाईना तिथं मानूस कसं ऱ्हाईल?” एक पंच पुटपुटला. नागोजीचा सख्खा भाऊ तिथेच होता. तो रडत होता, पण पाऊल पुढे टाकीना. पंगतीतून पान उठवताना ज्यांच्या माना हलल्या होत्या, त्यांचे आता डोळे वर होईनात.

सटवाजीने कुणाला काही विचारले नाही. त्याने चांद्याचा कासरा घाण्याच्या दोराला गाठ मारून जोडला आणि तो आपल्या कमरेला बांधू लागला.

“सटवाजी, थांब,” महाराज पायरीवरून उठून आले. “असा अंधारात उतरू नकोस. दिवा घेऊन जा.”

“दिवं तर इझत्यात, म्हाराज.”

महाराजांनी घाण्याखालचे मडके स्वतःच्या हाताने उचलले, पणतीत तेल ओतले आणि वात भिजवली.

सटवाजी संकोचून म्हणाला, “म्हाराज, ह्ये तेल देवाला चालत न्हाई म्हनत्यात.”

“असं म्हणतात खरं,” महाराज हसले. “मी काही देवाला विचारलेलं नाही. आज दिव्यालाच विचारून बघू.” त्यांनी वात लावली, पणती सटवाजीच्या तळहातावर ठेवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “जा. मी इथंच आहे.”

चांद्याच्या मानेवर पुन्हा जू ठेवून दोराचे दुसरे टोक त्याला बांधले होते. बैलाची वेसण यमुनेने धरली. सटवाजी उतरू लागला आणि सगळ्या गावाचे डोळे त्या पणतीवर खिळले. आधीचे दिवे जिथे विझले तिथे ती आली. ज्योत बारीक झाली, निळी झाली, आता गेली असे वाटले, आणि भक्तहो, ती पुन्हा सरळ उभी राहिली! तशीच जळत ती खाली गेली. तळाशी पोचल्यावर तिचा उजेड पेवाच्या भिंतींवर पडला, तेव्हा कोंडाबाईच्या तोंडून “कपिलेश्वरा!” एवढेच निघाले आणि जमलेल्या साऱ्यांनी हात जोडले. सटवाजी पुढे सांगत असे, की आत त्याला क्षणभरही गुदमरले नाही; पहाटे नदीकाठी येतो तसा गार वारा त्याच्या तोंडावर येत होता.

नागोजी बेशुद्ध पडला होता. सटवाजीने त्याला आपल्या छातीशी दोराने बांधले आणि खालून हाक दिली, “वढा!”

यमुना एकेक पाऊल मागे सरली. चांद्या तिच्या डोळ्यांकडे पाहत एकेक पाऊल पुढे आला. हिसका नाही, घाई नाही. पेवाच्या काठावर आधी पणती धरलेला हात दिसला, मग सटवाजीचे डोके, मग दोघेही.

नागोजीचा चेहरा काळानिळा झाला होता. श्वास जाणवत नव्हता. महाराजांनी त्याचे डोके मांडीवर घेतले, तांब्यातले पाणी त्याच्या डोळ्यांना लावले, छातीवर हात ठेवून घटकाभर डोळे मिटले आणि म्हणाले, “नागोजी, ऊठ बाबा. अजून दीपमाळ लागायची आहे.” नागोजीला ठसका लागला. मग दुसरा. त्याने डोळे उघडले तेव्हा समोर सटवाजी बसला होता आणि त्याच्या हातातली पणती तशीच तेवत होती.

कुणीतरी त्याला घडलेले सगळे सांगितले. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. जरा वेळाने त्याने आपले पागोटे काढून महाराजांच्या पायांवर ठेवले.

“महाराज, म्या आंधळा. झापड नुसती बैलाला न्हवती, मलाबी हुती,” तो म्हणाला. मग एकदम ताठ बसून पंचांकडे वळला आणि त्याही अवस्थेत त्याचा आवाज चढला, “ऐका रे समदे! ह्या गावात आजपास्नं एकाबी बैलाला झापड दिसली न्हाई पायजे. जो बांधील त्याचं पान उठलं!”

महाराज खो खो हसू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

“अरे नागोजी! पेवात पडून आलास, पण चौधरीपण काही आत राहिलं नाही. काल बांधा म्हणून हुकूम, आज सोडा म्हणून हुकूम. मला एक सांग, या सटवाजीनं इतक्या वर्षांत तुला कधी म्हटलं, तुझ्या बैलाची झापड सोड?”

नागोजी आठवू लागला. “न्हाई महाराज. कवाच न्हाई.”

“तुझ्या घरचं तेल वाईट म्हणाला?”

“न्हाई.”

“तुझ्या पंगतीतून उठून गेला?”

नागोजीची मान खाली गेली. “महाराज, उठवला म्या.”

“मग?” महाराज म्हणाले. “त्याला जे पटलं ते त्यानं पाळलं आणि तुम्हाला तुमचं पाळू दिलं. एवढी साधी गोष्ट तुम्हाला सगळ्यांना मिळून जमली नाही.”

नागोजी गुडघ्यांवर सरकत सटवाजीपुढे गेला. सटवाजी गडबडून मागे सरू लागला, “आवं चौधरी, ह्ये काय करताय, तुमी मोठं,” पण नागोजीने त्याचे पाय घट्ट धरले. पेवातली माती लागलेल्या त्या पायांवर त्याने कपाळ टेकले आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, “सटवाजी, तुझं पान उठवायचा मला अधिकार न्हवता. तुझ्या पंगतीला मला बसू देशील का?”

सटवाजीने नागोजीला खांद्याला धरून उठवले आणि म्हणाला, “बसू की, जोडीनं बसू. पन चौधरी, आधी घानी पुरी करू. दिवस कलाय लागला, आन दीपमाळंला तेल पुरायचं न्हाई.”

देवाच्या घाण्याची वाट खचली होती, म्हणून उरलेली करडई सटवाजीच्या घरी नेली. चांद्याला जुंपले. त्याच्या एका खांद्याशी सटवाजी चालू लागला आणि दुसऱ्या खांद्याशी, कुणी न सांगता, नागोजी चौधरी.